सुताराचे ३० पेन्स: घर, काम आणि आयकर यांच्या दीडशे वर्षांच्या भांडणाची गोष्ट

१९७५ साली लंडनच्या उच्च न्यायालयात एका सुताराच्या दुपारच्या जेवणावर गंभीर खल झाला. वादाची रक्कम होती दिवसाला ३० पेन्स. हा सुतार कोणाचा नोकर नव्हता; वेगवेगळ्या बांधकामांवर पोटकंत्राटदार म्हणून स्वतंत्रपणे काम करत असे. घरी जेवला असता तर त्याचे जेवण १० पेन्समध्ये भागले असते. कामाच्या ठिकाणी त्याला ४० पेन्स मोजावे लागत. मधला फरक हा धंद्याचा खर्च आहे, तेव्हा तो करपात्र उत्पन्नातून वजा व्हावा, एवढेच त्याचे मागणे होते.

‘कायबॉट विरुद्ध क्विन’ या नावाने ओळखला जाणारा हा खटला सुतार हरला. का हरला, हे समजून घ्यायचे तर १९७५ वर थांबून चालणार नाही. आजचा धागा या ३० पेन्सांचा आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या एका जुन्या प्रश्नाचा: माणूस ‘जगतो’ कोठे आणि ‘काम करतो’ कोठे, हे कायद्याने कसे ठरवले?

ब्रिटनमध्ये आयकर आला तो युद्धाच्या खर्चापायी. १७९९ मध्ये पंतप्रधान विल्यम पिट यांनी तो लागू केला, १८०२ मध्ये तो रद्द झाला, १८०३ मध्ये ॲडिंग्टन यांनी नव्या रूपात परत आणला. नेपोलियनचा पराभव झाल्यावर १८१६ मध्ये संसदेने तो पुन्हा मोडीत काढला. १८४२ मध्ये रॉबर्ट पील यांनी शांततेच्या काळात तो आणला आणि त्यानंतर तो कायमचाच मुक्कामाला राहिला.

१८४२ च्या कायद्यातील एक शब्दजोडी या संपूर्ण कथेची नायिका आहे, किंवा खलनायिका. धंद्यासाठी ‘सर्वस्वी आणि केवळ’ केलेलाच खर्च नफ्यातून वजा होईल, असे तो कायदा सांगतो. त्याच नियमांत स्वतःच्या व कुटुंबाच्या पोषणाचा आणि घरगुती वा खासगी कारणांचा खर्च स्पष्टपणे वगळलेला आहे. सुताराच्या जेवणाचा निकाल एका अर्थी त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी लिहून ठेवलेला होता. ही शब्दजोडी आपल्याही परिचयाची आहे, हे जाता जाता सांगतो. भारताच्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३७(१) ने व्यवसायखर्चाची कसोटी हीच ठेवली होती.

नोकरदारांचे नियम आणखी कडक होते. १८५३ मध्ये ग्लॅडस्टन यांच्या काळातील कायद्याने नोकरीतील कर्तव्य बजावताना होणाऱ्या प्रवासाच्या खर्चाला सूट दिली आणि कर्तव्यासाठी घोडा पाळण्याचा खर्चही मान्य केला. मात्र इतर कोणत्याही खर्चाला ‘सर्वस्वी’ आणि ‘केवळ’ यांच्या जोडीला ‘आवश्यक’ ही तिसरी अट घातली. हा घोडा मोठा चिवट निघाला. रेल्वे आली, मोटार आली, माणूस चंद्रावर जाऊन आला, तरी १९८८ च्या एकत्रित कर कायद्यातही तो ठाण मांडून होता. १९९८ मध्ये प्रवासखर्चाचे नियम नव्याने अमलात आले, तेव्हा कुठे तो तबेल्यातून सुटला.

घोडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्यातून कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरचा प्रवास कोणता होता हे कळते. कर्तव्य बजावता बजावता गावोगाव हिंडणारा अधिकारी त्यांना दिसत होता. रोज सकाळी घर सोडून दूरच्या शहरात कामाला जाणारा आणि संध्याकाळी परतणारा माणूस तेव्हा फारसा अस्तित्वातच नव्हता. रेल्वेने त्याला जन्म दिला आणि कायद्यापुढे पेच उभा राहिला.

१९२० च्या दशकात हा पेच हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचला. लंडनमध्ये राहणारे आणि तेथेच वकिली करणारे एक बॅरिस्टर पोर्ट्समथ शहराचे ‘रेकॉर्डर’, म्हणजे अर्धवेळ न्यायाधीश होते. लंडन-पोर्ट्समथ रेल्वेभाडे, तेथील हॉटेलचे बिल आणि झगा व टोप ठेवलेली पत्र्याची पेटी न्यायालयात नेण्याचा खर्च त्यांनी वजावटीत मागितला. लॉर्डांनी भाडे आणि हॉटेलखर्च नाकारला. त्यांचे तर्कशास्त्र असे: पोर्ट्समथच्या न्यायाधीशाचे काम पोर्ट्समथमध्ये सुरू होते. लंडनमध्ये राहणे हा या गृहस्थांचा वैयक्तिक निर्णय. पदाने तो त्यांच्यावर लादलेला नाही. कामाच्या जागी पोहोचणे वेगळे आणि काम करताना प्रवास करणे वेगळे.

हे झाले नोकरीच्या नियमांविषयी. स्वतंत्र व्यावसायिकाला तरी दिलासा मिळावा की नाही? ‘न्यूसम विरुद्ध रॉबर्टसन’ या खटल्यात १९५२ मध्ये अपील न्यायालयाने याचे उत्तर दिले. हे न्यूसमही बॅरिस्टरच. त्यांचे कार्यालय लंडनच्या लिंकन्स इनमध्ये, घर व्हिप्सनेड या गावी. घरी त्यांची अभ्यासिका होती आणि संध्याकाळी, सुट्ट्यांत ते तेथे खरोखरच काम करत. पहिल्या पायरीवरच्या करआयुक्तांनी न्यायालयीन सुट्टीतील प्रवासाचा खर्च मान्य केला, सत्रकाळातील नाकारला. वरच्या न्यायालयांनी दोन्ही नाकारले.

या निकालात न्यायमूर्ती डेनिंग यांनी केलेले विवेचन इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावे असे आहे. आयकर आला त्या काळी दुकानदार दुकानाच्या वरच राहत असे, डॉक्टर दवाखान्याच्या वर, वकील कार्यालयाच्या वर किंवा पायी वा घोड्यावरून जाता येईल इतक्या अंतरावर, असे ते सांगतात. आता लोक रेल्वेने लांबून येतात आणि म्हणून नियम लावणे अवघड झाले आहे. नियम जन्मला ते जग मावळले, हे त्यांनी कबूल केले आणि तरीही नियम तसाच लावला. त्यांनी शोधलेली कसोटी म्हणजे ‘धंद्याचे ठाणे’. न्यूसम यांचे ठाणे लिंकन्स इन. व्हिप्सनेडचा प्रवास ते घडवत, तो त्यांना व्हिप्सनेडला राहायचे होते म्हणून, वकिलीसाठी नव्हे.

मला हा निकाल कठोर वाटतो, पण अन्याय्य वाटत नाही. टेकड्यांतल्या गावी राहण्याची चैन सर्वसामान्य करदात्यांनी का पोसावी? खरी परीक्षा पुढे होती: ज्याला ‘ठाणे’च नाही त्याचे काय?

हा प्रश्न घेऊन आला एक गवंडी. ईस्टबर्न येथे राहणारा, विटांचे बांधकाम अंगावर घेणारा, सोबत्यांना आपल्या मोटारीत घालून साइटवर नेणारा. आज या साइटवर, काही आठवड्यांनी दुसरीवर. काही साइट घरापासून ५५ मैलांपर्यंत दूर. हत्यारे घरी, हिशेबाच्या वह्या घरी आणि मुख्य कंत्राटदाराशी कामाचे बोलणेही घरीच होई. खाते म्हणाले, घर ते काम हा प्रवास खासगीच. प्रकरण १९७१ मध्ये अपील न्यायालयात आले, आणि तेथे पुन्हा डेनिंगच बसले होते.

गवंडी जिंकला. प्रत्येक साइट हे त्याचे ठाणे मानणे डेनिंग यांना पटले नाही. ठाणे असेल तर ते त्याचे घरच आणि ठाण्यापासून कामावर जाणे हा धंद्याचाच प्रवास. ज्या कसोटीवर बॅरिस्टर हरला त्याच कसोटीवर, त्याच न्यायाधीशापुढे गवंडी जिंकला. ‘हॉर्टन विरुद्ध यंग’ या खटल्याने फिरत्या कारागिराला करकायद्यात प्रथमच नीट जागा मिळाली, असे मी मानतो.

चार वर्षांनी आपला सुतार न्यायालयात उभा राहिला, तो याच निकालाच्या आधारावर. साइटवर जाण्याचे भाडे धंद्याचे, तर साइटवर गेल्यामुळेच वाढलेले जेवणाचे बिल धंद्याचे का नाही? न्यायमूर्ती टेम्पलमन यांचे उत्तर गाजले. त्याचा आशय असा की करदाता कोणीही असो, तो जगण्यासाठी जेवतो, काम करण्यासाठी नव्हे. जेवणात भूक भागवण्याचा हेतू मिसळलेलाच असतो, आणि एकदा दोन हेतू मिसळले की खर्च ‘केवळ’ धंद्याचा उरत नाही. १० पेन्स पोटाचे आणि ३० पेन्स धंद्याचे, अशी फाळणी कायद्याला मान्य नाही.

तर्क अभेद्य आहे. तरीही तो वाचताना काहीतरी खुपते. दिवसभर रंधा मारणारा माणूस दुपारी जेवला नाही तर संध्याकाळपर्यंत काम करू शकेल काय? मोटारीचे पेट्रोल धंद्याचा खर्च आणि मोटार चालवणाऱ्याचे अन्न मात्र त्याची खासगी बाब. वाफेचे इंजिन, घोडा, मोटार यांच्या इंधनाचे धंद्याशी असलेले नाते कायद्याला सहज दिसले. माणसाच्या देहाबाबत मात्र तो शेवटपर्यंत संकोचला.

व्यवहारात कर अधिकारी अशा फिरत्या धंद्यांतील माफक जेवणखर्चाला सवलतीच्या रूपाने मान्यता देत असत. पण सवलत म्हणजे हक्क नव्हे. हक्क मिळायला २००९ उजाडावे लागले. त्या वर्षी कायद्यात नवे कलम ५७अ घालण्यात आले: धंदा मुळातच फिरता असेल, किंवा त्या ठिकाणी जाणे क्वचितचे असेल, आणि प्रवासाचा खर्च वजावटीस पात्र असेल, तर त्या ठिकाणच्या वाजवी खाण्यापिण्याचा खर्चही पात्र. निकालानंतर चौतीस वर्षांनी.

गोष्ट येथे संपली असती तर बरे झाले असते. १९९० च्या दशकापर्यंत ‘स्वतंत्र कंत्राटदार’ हा शब्दच निसरडा झाला होता. अनेक जण एकट्याची कंपनी काढून, कागदोपत्री तिचेच नोकर बनून ग्राहकांकडे काम करत. हे वेशांतर आहे असे मानून सरकारने २००० मध्ये ‘आयआर३५’ नावाने ओळखले जाणारे नियम लागू केले. हे नाव १९९९ च्या अर्थसंकल्पावेळच्या प्रसिद्धिपत्रकाच्या क्रमांकावरून पडले. दुसरीकडे, मधल्या ‘अंब्रेला’ कंपन्यांमार्फत काम करणाऱ्यांना प्रत्येक साइट हे तात्पुरते कार्यस्थळ दाखवून प्रवास व जेवणाची सूट घेता येत होती. एप्रिल २०१६ पासून हा मार्गही बंद झाला. काम कोणाच्या देखरेखीखाली, सूचनेनुसार किंवा नियंत्रणाखाली होत असेल, तर घर ते साइट हा प्रवास पुन्हा साधा घर-ते-कचेरी प्रवास.

म्हणजे ईस्टबर्नचा गवंडी आज त्याच विटा, त्याच थाप्या घेऊन, तितकेच मैल कापून गेला, तर त्याला सूट मिळेल की नाही हे त्याच्या हातातल्या कागदावर अवलंबून आहे. स्वतःच्या नावाने काम अंगावर घेतले असेल तर १९७१ चा निकाल आणि २००९ चे कलम दोन्ही त्याच्या बाजूने. तेच काम मुकादमाच्या हाताखाली, अंब्रेला कंपनीच्या पगारपत्रकावर केले असेल, तर त्याचे पेट्रोलही त्याचे आणि जेवणही त्याचेच.