चौथ्या आठवड्याची कैफियत

अमेरिकेत स्त्रियांसाठी महाविद्यालयांची द्वारे नुकतीच कोठे किलकिली होत होती, तोच १८७३ साली हार्वर्डच्या वैद्यकशाळेत अध्यापन केलेल्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी एक छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि असे प्रतिपादिले की, मासिक धर्माची घडी बसावयाच्या वयात मुलीने मुलांच्या बरोबरीने अखंड अध्ययन केल्यास, मेंदूकडे वळलेल्या शक्तीला प्रजननेंद्रिये पारखी होतात. सबब दर चौथ्या आठवड्यास तिला अभ्यासातून मुभा असावी. पुराव्यादाखल त्यांनी व्हासार महाविद्यालयात चौदाव्या वर्षी दाखल झालेल्या कोणा ‘कुमारी डी’ची हकीकत दिली. इतक्या कोवळ्या मुलीस आम्ही प्रवेशच देत नाही, असा खुलासा तेथील स्त्रीवैद्यांनी केला. पण ग्रंथाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघतच राहिल्या.

पुढे हार्वर्डच्याच बॉयल्स्टन पारितोषिकासाठी हा प्रश्न निबंधाचा विषय म्हणून नेमला गेला, आणि निबंध निनावी पाठवावयाचे असल्याने, जी वैद्यकशाळा १९४५ पर्यंत एकाही विद्यार्थिनीस प्रवेश देणार नव्हती, तिचे १८७६ चे ते पारितोषिक न्यूयॉर्कच्या डॉ. मेरी पटनम जॅकोबी यांनी पटकाविले. (जॅकोबीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या पदवीधर, या पारितोषिकानंतर दहा वर्षांनी आपल्या आनंदीबाई जोशी यांनी पदवी घेतली ती तेथेच.) बाईंची रीत पाहण्यासारखी आहे. त्यांनी एक हजार प्रश्नपत्रिका धाडल्या; २६८ उत्तरे परत आली. शिवाय काही स्त्रियांच्या मनगटावर नाडीलेखक यंत्र बांधून, कागदावर उमटणाऱ्या लहरी महिनाभर न्याहाळल्या, तेव्हा नाडीचा ताण पाळीच्या आधीच्या दिवसांत चढतो व पुढे ओसरतो, असे त्यांस आढळले. ज्यांचे पोषण यथास्थित आहे, त्यांना सक्तीच्या विश्रांतीचे प्रयोजन नाही, हा त्यांचा निष्कर्ष. क्लार्कांच्या वक्तृत्वापेक्षा मला ही चिकाटी अधिक भरवशाची वाटते.

त्या चढत्या दिवसांना रोगाचे नाव मिळाले ते मात्र १९३१ मध्ये. न्यूयॉर्कचे रॉबर्ट फ्रँक यांनी पंधरा स्त्रियांच्या दाखल्यांवरून ‘पाळीपूर्व ताण’ वर्णिला, त्याचे खापर अंडाशयाच्या अतिरिक्त संप्रेरकावर फोडले आणि तीव्र त्रासात अंडाशयांवर क्ष-किरण सोडण्यापर्यंत मजल मारली. १९५३ साली लंडनमध्ये रेमंड ग्रीन व कॅथरिना डाल्टन यांनी शारीरिक तक्रारींसह त्याचे ‘पाळीपूर्व लक्षणसमूह’ असे नामकरण केले.

विद्यार्थिनी पुन्हा मध्यभागी आली ती प्रिन्स्टन विद्यापीठात. डायान रूबल यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४४ विद्यार्थिनींच्या डोक्यास तारा लावून, पुढील पाळीची तारीख सांगणारी नवी युक्ती हाती आल्याची बतावणी करण्यात आली. वास्तविक साऱ्याजणी पाळीपासून सुमारे आठवडाभर दूर. तरी ज्यांना ती एक-दोन दिवसांवर आली असे सांगितले, त्यांनी अंग सुजल्यासारखे वाटणे इत्यादी तक्रारी इतरांहून अधिक नोंदविल्या. यावरून त्रास काल्पनिक ठरतो, असे कोणी समजू नये. डळमळीत ठरते ती पूर्वग्रहाच्या छायेत दिलेली जबानी. म्हणूनच पाळीपूर्व विकाराच्या तीव्र प्रकाराचे निदान पक्के करण्याआधी वैद्य आता निदान दोन पाळ्यांची दैनंदिन नोंद मागतात, आणि ती रुग्णेने स्वतः, त्या त्या दिवशीच, लिहावयाची असते.