मोती तलाव (जालना)

मोती तलाव हा महाराष्ट्रातील जालना शहराच्या पश्चिमेस असलेला ऐतिहासिक तलाव आहे. शहराला पाणी पुरविण्यासाठी तो मध्ययुगात बांधण्यात आला. त्याच्या लगत मोतीबाग हे सार्वजनिक उद्यान आहे. तलाव आणि उद्यान मिळून शहरवासीयांचे फिरण्याचे व विसाव्याचे ठिकाण बनले आहे. जालना जिल्ह्याचे वनाच्छादन भौगोलिक क्षेत्राच्या सुमारे एक टक्काच असल्याने शहरालगतच्या अशा वृक्षाच्छादित पाणवठ्याला विशेष महत्त्व आहे.

इतिहास

जिल्हा गॅझेटियरमधील नोंदीनुसार हा तलाव जमशेदखान याने बांधविला. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या काळात जमशेदखान जालन्याचा अधिकारी होता. शहरातील काली मशीद, हमामखाना व सराई यांच्या बांधकामाचे श्रेयही त्यालाच दिले जाते. त्याने जमिनीखालून नळ टाकून तलावाचे पाणी शहरातील हौदांपर्यंत पोहोचविले.  भरभराटीच्या काळात शहरात पाच तलाव होते, असे गॅझेटियरमध्ये म्हटले आहे. त्यांपैकी मोती तलाव टिकून राहिला.

मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथेही भूमिगत नहरीने पाणी आणण्यात आले होते. कमी पावसाच्या मुलखात व्यापारी पेठ वसवायची, तर आधी पाण्याची सोय करावी लागे. जालन्याचा तलाव, नळ आणि हौद ही याच विचाराची उदाहरणे होत.

निजाम राजवटीत शहराजवळील घाणेवाडी येथे मोठा जलाशय बांधण्यात आला. पुढे तो संत गाडगेबाबा जलाशय या नावाने ओळखला जाऊ लागला. तेथील पाणी गुरुत्वाकर्षणाने, म्हणजे पंपाशिवाय, शहरात येते. त्यानंतरच्या काळात गोदावरीवरील जायकवाडी धरणातून जलवाहिनीने पाणी आणण्यात आले. त्यामुळे मोती तलावाचे पाणीपुरवठ्यातील स्थान मागे पडले आणि तो मुख्यतः विरंगुळ्याचे ठिकाण म्हणून ओळखला जाऊ लागला.

भूगोल व हवामान

जालना शहर कुंडलिका नदीच्या काठी वसले आहे. कुंडलिका दुधनेला, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला मिळते. हा प्रदेश दख्खनच्या पठारावरील काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी मुख्यतः भेगांतून व झिजलेल्या थरांतून मुरते. त्यामुळे पृष्ठभागावर पाणी साठविणाऱ्या तलावांचा आसपासच्या विहिरींनाही आधार होतो. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ६५० ते ७५० मि.मी. पाऊस पडतो व तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतो. पाऊस लहरी असल्याने तलावातील पाणी दरवर्षी सारखे नसते.

वनस्पती व पक्षी

मराठवाड्यातील तलावांच्या काठी प्रामुख्याने कडुनिंब, बाभूळ, करंज, वड व पिंपळ हे वृक्ष आढळतात. अशा पाणवठ्यांवर टिबुकली, पाणकावळा, ढोकरी, गायबगळा, खंड्या व हळदीकुंकू बदक हे पक्षी सामान्यपणे दिसतात. हिवाळ्यात त्यांत स्थलांतरित बदकांची आणि तुतारीसारख्या चिखलपक्ष्यांची भर पडते. पाणी ओसरू लागले की उघड्या पडलेल्या चिखलात खाद्य शोधणारे पक्षी काठावर अधिक दिसतात.

भेटीचे नियोजन

ऋतू : ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ भेटीस सर्वांत योग्य आहे. पावसाळ्यानंतर तलावात पाणी असते, झाडे हिरवी असतात आणि हवा आल्हाददायक असते. एप्रिल व मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर अवर्षणाच्या वर्षी पाणी बरेच आटते. अनंत चतुर्दशीला येथे गणेशविसर्जनासाठी मोठी गर्दी होते. शांतता हवी असणाऱ्यांनी तो दिवस टाळावा.

प्रवास : जालना रेल्वे स्थानक मनमाड–सिकंदराबाद मार्गावर असून दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येते. छत्रपती संभाजीनगर येथून जालना सुमारे ६० कि.मी. अंतरावर असून तेथून एस.टी. बसची सोय आहे. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गही जालना जिल्ह्यातून जातो.

दिवसाचा क्रम : पक्षी पाहण्यासाठी सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास तलावाकाठी घालवावेत. त्यानंतर ऊन वाढण्यापूर्वी जुन्या वस्तीतील काली मशीद व मस्तगड हा किल्ला पाहता येतो. मस्तगड १७२५ मध्ये निजाम आसफजाहच्या आज्ञेने काबिलखानाने बांधला. दुपारनंतर घाणेवाडी जलाशयाला भेट दिल्यास तलाव, हौद आणि जलाशय अशी शहराच्या पाणीपुरवठ्याची वाटचाल एकाच दिवसात पाहता येते. वेळ असल्यास अंबड येथील मत्स्योदरी देवीचे मंदिर किंवा राजूर येथील गणपती मंदिरही पाहता येते.

दक्षता : पिण्याचे पाणी सोबत ठेवावे. तळाशी गाळ असल्याने काठावरून तलावाच्या खोलीचा अंदाज येत नाही. म्हणून पाण्यात उतरू नये व लहान मुलांना काठावर एकटे सोडू नये. पक्ष्यांना खाद्य टाकू नये आणि कचरा परत न्यावा. मशिदीत प्रार्थनेच्या वेळा टाळून जावे.

संवर्धन

जुन्या तलावांपुढे गाळ, सांडपाणी, जलपर्णी व पाणलोट क्षेत्रातील बांधकामे हे मुख्य प्रश्न असतात. गाळ साचला की साठवणक्षमता घटते. ओढे बुजले की चांगल्या पावसातही तलाव भरत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याला तीव्र पाणीटंचाई सोसावी लागली व शहराला टँकरवर अवलंबून राहावे लागले. त्या सुमारास नागरिकांच्या पुढाकाराने घाणेवाडी जलाशयातील गाळ काढण्यात आला व शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेऊन पसरला. जुना जलसाठा निकामी न मानता त्याची डागडुजी केल्यास तो पुन्हा उपयोगी पडतो, हे त्यातून दिसून आले. मोती तलावाचे पाणी आज नळाने घरोघरी जात नसले, तरी भूजल भरण, पक्ष्यांचा अधिवास व शहराला लाभणारा गारवा यांसाठी त्याचे रक्षण आवश्यक ठरते.