छत्री धरणारे कामगार

ऑगस्ट 1980 मधील एक छायाचित्र आमच्या पिढीतील पुष्कळांनी पाहिले असेल. पोलंडच्या बाल्टिक किनाऱ्यावरील ग्डान्स्क शहरातील लेनिन गोदीचे बंद फाटक, त्यावर फुलांनी सजवलेली पोप दुसरे जॉन पॉल यांची तसबीर, आत हजारो संपकरी आणि बाहेर त्यांची बायकामुले. 17 तारखेच्या रविवारी त्या फाटकापाशीच मिस्सा झाली. धर्मस्वातंत्र्याचा लढा म्हणून ते दृश्य आपल्या घरांतून कौतुकाने सांगितले गेले, आणि ते गैरही नव्हते. परंतु तो संप सुरू झाला होता एका क्रेनचालक स्त्रीच्या बडतर्फीवरून. आना व्हालेंटिनोविच यांना निवृत्तिवेतन मिळावयास पाच महिने उरले असताना 7 ऑगस्टला कामावरून काढण्यात आले. त्यांना आणि पूर्वीच बडतर्फ झालेले वीजतंत्री लेक वालेसा यांना परत घ्या, ही संपकऱ्यांची सुरुवातीची मागणी होती.

नियोजित अर्थव्यवस्थेत मालक कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. कागदोपत्री कारखाना कामगारांचा. प्रत्यक्षात पगार मंत्रालय ठरवी, संचालक पक्षाच्या संमतीने येई, आणि कामगार संघटना म्हणजे सुट्टीतील विश्रामगृहांचे परवाने वाटणारे एक खाते. त्या व्यवस्थेत दिलासाही होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. बेकारी जवळजवळ नव्हती. कारखान्याची घरे, पाळणाघर, दवाखाना, उपाहारगृह, सारे नोकरीलाच जोडलेले होते. उभे राहा किंवा आडवे व्हा, दोन हजार ठरलेलेच, अशा अर्थाची एक थट्टेची म्हण तेथे रूढ होती. मात्र त्या पैशात घ्यावयाचे काय? दुकाने रिकामी असत. आणि तक्रार करावी तर मालकाशी भांडण म्हणजे सरकारशी भांडण. डिसेंबर 1970 मध्ये अन्नधान्याच्या भाववाढीविरुद्ध किनाऱ्यावरील कामगार रस्त्यावर आले, तेव्हा सैन्याने गोळ्या घातल्या. चाळीसहून अधिक माणसे मेली. ग्डिनियात तर कामावर निघालेल्यांवरच गोळीबार झाला.

म्हणूनच 1980 च्या एकवीस मागण्यांत पहिली मागणी पगाराची नव्हती. पक्ष आणि मालक या दोहोंपासून स्वतंत्र अशी संघटना हवी, ही होती. 31 ऑगस्टला करार झाला. रविवारची मिस्सा आकाशवाणीवरून प्रक्षेपित होऊ लागली ती त्यातूनच. ‘सॉलिडॅरिटी’ नावाच्या त्या संघटनेत वर्षभरात जवळजवळ एक कोटी माणसे आली. देशाची लोकसंख्या होती साडेतीन कोटींच्या आसपास.

पुढील वर्षी, 14 सप्टेंबर 1981 रोजी, पोपमहोदयांचे मानवी श्रमावरील परिपत्र प्रसिद्ध झाले. भांडवलापेक्षा श्रमाला अग्रक्रम, हे त्यातील सूत्र सर्वांना ठाऊक आहे. त्यात आणखी एक विचार आहे, त्याकडे फारसे लक्ष गेले नाही असे आम्हांस वाटते. पगार देणारा तो प्रत्यक्ष मालक. पण ज्यांच्या धोरणांमुळे तो पगार ठरतो ते शासन आणि इतर संस्था हे अप्रत्यक्ष मालक, आणि न्यायाची जबाबदारी त्यांच्यावरही आहे. पोलंडच्या पुढील दशकाची किल्ली आम्हांस या विचारात दिसते.

13 डिसेंबर 1981 ला लष्करी कायदा आला. व्हुयेक खाणीत नऊ कामगार मारले गेले. 1984 मध्ये पोलादकामगारांचे फादर येझी पोपियेलुश्को यांचा खून झाला. हा इतिहास आपल्या वाचकांना परिचित आहे. त्यानंतरचा तितका परिचित नाही.

1989 च्या जूनमधील निवडणुकीनंतर सॉलिडॅरिटीच्या पाठिंब्याचे सरकार आले. पंतप्रधान झाले तादेउश माझोवियेत्स्की, एका कॅथलिक मासिकाचे जुने संपादक. अर्थमंत्री लेशेक बाल्सेरोविच यांची योजना 1 जानेवारी 1990 पासून लागू झाली. किमती मोकळ्या झाल्या, अनुदाने तुटली. पगार मात्र मोकळे नव्हते. सरकारी कारखान्याने ठरलेल्या मर्यादेबाहेर पगारवाढ दिली, तर त्याला कित्येक पटींनी दंडात्मक कर भरावा लागे. प्रत्यक्ष मालक कारखाना, अप्रत्यक्ष मालक अर्थमंत्रालय! त्या एका वर्षात खरे वेतन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. जानेवारीत नोंदलेले बेकार साठ हजारांच्या आत होते; वर्षअखेर ते 11 लाखांवर गेले आणि 1993 च्या अखेरीस 29 लाखांजवळ. सोव्हिएत बाजारपेठ कोसळली, तेव्हा वूज शहरातील कापड गिरण्यांतील स्त्रिया घरी बसल्या. शासकीय शेतमळे 1991 च्या कायद्याने मोडीत निघाले, आणि मळ्याच्याच घरात राहणारे मजूर कुठेच जाऊ शकले नाहीत. बेकारभत्त्याला लोक श्रममंत्री यात्सेक कुरोन यांच्या नावाने ओळखू लागले.

या काळात सॉलिडॅरिटीने काय केले? सुधारणांवर छत्री धरली. हा शब्द तेथीलच आहे. आपले सरकार आहे, त्याला वेळ द्या, असे संघटनेच्या पुढाऱ्यांनी आपल्याच सभासदांना सांगितले. त्यागाची ही वृत्ती आम्हांस लहान वाटत नाही, आणि योजनाही निष्फळ ठरली नाही: 1989 चे उत्पादनमान पुन्हा गाठणारा पूर्व युरोपातील पहिला देश पोलंडच होता. परंतु छत्री धरणारा स्वतः भिजत होता, आणि त्याचे बोलणे मांडणारे कोणी उरले नव्हते.

1992 च्या उन्हाळ्यात मोटार कारखान्यात, तांब्याच्या खाणींत संप पेटले, तेव्हा कुठे सरकार चर्चेला बसले. फेब्रुवारी 1993 मध्ये कुरोन यांच्या पुढाकाराने उद्योगांविषयी करार झाला. कारखान्याचे खाजगीकरण कोणत्या मार्गाने व्हावे हे कामगारांनी ठरावीक मुदतीत निवडावे, वेतन वाटाघाटीने ठरावे, दिवाळे निघालेल्या कारखान्यातील थकलेल्या पगारासाठी निधी असावा, असे त्यात होते. आमच्या मते हा करार तीन वर्षे उशिरा आला. 1990 च्या जानेवारीत लोकांनी पुष्कळ सोसले असते. त्यांना विचारले गेले असते तर. तोवर विश्वास संपला होता. मे महिन्यात सॉलिडॅरिटीच्याच खासदारांच्या अविश्वास ठरावाने, एका मताने, सरकार पडले आणि सप्टेंबरच्या निवडणुकीत जुन्या कम्युनिस्टांचे वारस सत्तेवर आले. थकलेल्या पगाराचा निधी तेवढा 1994 पासून सुरू झाला.

आणि ती गोदी? 1988 मध्येच कम्युनिस्ट सरकारने ती बंद करण्याचे जाहीर केले होते. तेव्हा तो राजकीय सूड मानला गेला. ती वाचली, पण स्वतंत्र पोलंडातही तोट्यात चालली. 1995 च्या अखेरीस राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेले वालेसा एप्रिल 1996 मध्ये आपल्या जुन्या जागी वीजतंत्री म्हणून कामावर हजर झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गोदीचे दिवाळे जाहीर झाले.