कृष्णेचा खडस

कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर गळ टाकून बसलेला मनुष्य लोकांच्या दृष्टीनें रिकामटेकडा असतो. परंतु नदीचा जमाखर्च त्याच्याइतका दुसऱ्या कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. ‘पूर्वीं डोहांत खडस लागे, आतां चिलापी लागते,’ ही सातारा-सांगलीकडील गळवाल्यांची तक्रार म्हणून हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. तिला शंभर-दीडशें वर्षांचा इतिहास आहे.

दख्खनमधील माशांचें पहिलें शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम साइक्स यानें १८३९ सालीं प्रसिद्ध केलें. पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेंत मिळालेल्या खडसाचें वर्णन करतांना त्यानें ‘खुद्री’ हें देशी नांवच शास्त्रीय नांवांत घातलें. कोळस, फुलंगी यांचींही नांवें त्यानें तशींच ठेविलीं. आपल्या कोळ्याभोयांचे शब्द अशा रीतीनें जगाच्या शास्त्रग्रंथांत जाऊन बसले.

पुढें पन्नास वर्षें उलटण्यापूर्वींच चिंता सुरू झाली. १८७३ सालीं फ्रान्सिस डे याचा गोड्या पाण्यांतील माशांवरील अहवाल निघाला. मद्रासकडील अधिकारी व नामांकित गळबहाद्दर हेन्री थॉमस याचें पुस्तकही त्याच वर्षीं बाहेर पडलें. अखेर १८९७ च्या कायद्यानें सुरुंग उडवून वा पाण्यांत विष कालवून मासे मारणें हा गुन्हा ठरला. कायदा चांगला होता. परंतु डोंगरांतील एकाकी डोहावर पहारा कोणी ठेवावा?

दुसरा आघात धरणांचा. खडस पावसाळ्यांत प्रवाहाविरुद्ध चढतो आणि वरच्या अंगाच्या स्वच्छ, खडकाळ पाण्यांत अंडीं घालतो. कोयनेच्या धरणावर १९६२ सालीं वीज निघूं लागली, घरोघर दिवे लागले. तें उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण कोयनेवर हेळवाकपाशीं व कृष्णेवर वाईजवळ धोम येथें भिंती उभ्या राहिल्या आणि माशांची वाट अडली. वाहत्या पाण्याच्या जागीं संथ जलाशय आला. त्यांत गंगेकडील रोहू-कटला सोडण्यांत आले. १९५२ सालीं हिंदुस्थानांत आणलेली मूळची आफ्रिकेंतील चिलापी तर वर्षांतून अनेकदां वितें व मिळेल तें खाते. उशिरां वयांत येणारा खडस तिच्यापुढें टिकावा कसा? त्यांत नदीचें पाणीही नासलें. मार्च २०२३ मध्यें सांगलीजवळ कृष्णेंत मेलेल्या माशांचा खच पडला, तो अनेकांनीं डोळ्यांनीं पाहिला.

उपाय अगदींच नाहीं असें नव्हे. लोणावळ्याच्या वळवण येथें टाटांच्या केंद्रांत कित्येक दशकें खडसाचीं पिलें वाढविण्यांत आलीं व दूरदूरच्या प्रांतीं धाडण्यांत आलीं. महाड तालुक्यांतील वाळणकोंडींत तर वरदायिनी देवीच्या धाकानेंच हे मासे सुरक्षित राहिले आहेत. मात्र पिलें सोडलीं तरी त्यांना चढावयास वाट व राहावयास निर्मळ पाणी हवें. तें नसेल तर पिलें सोडणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी ओतणें होय.

गळवाल्यांनींही आपला हिशेब चोख ठेवावा. पावसाच्या तोंडीं गळास लागलेली गाभोळीची मादी ज्यानें परत पाण्यांत सोडली, त्यालाच पुढल्या वर्षीं ‘मासे कुठें गेले?’ असें विचारण्याचा अधिकार. नाहींतर खुद्री हें आपलें नांव परक्यांच्या पोथ्यांत तेवढें उरेल आणि कृष्णेच्या कांठीं तें कोणाला ओळखतां येणार नाहीं.