पॅप तपासणीची कुळकथा

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाहूल स्त्रीला कोणतेही दुखणे जाणवण्याच्या कितीतरी आधी देणारी जी पॅप तपासणी आज जगभर रूढ आहे, तिचा उगम कर्करोगाच्या शोधात नसून न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत आहे. ग्रीसमधील एव्हिया बेटावर किमी या गावी १८८३ साली जन्मलेले आणि १९१३ साली पत्नीसह अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले जॉर्ज पापानिकोलाउ यांना गिनीपिगाच्या मादीचे ऋतुचक्र तिचा जीव न घेता जाणून घ्यावयाचे होते. त्यासाठी नाक तपासण्याच्या लहानशा उपकरणाने योनिमार्ग उघडून तेथील स्राव त्यांनी काचपट्टीवर पसरला, तेव्हा त्यातील पेशींची रूपे ठराविक क्रमाने पालटत जातात असे त्यांना आढळून आले. चार्ल्स स्टॉकर्ड यांच्या सहकार्याने त्यांनी हे निरीक्षण १९१७ साली प्रसिद्ध केले.

पुढे हीच रीत त्यांनी मनुष्यजातीस लागू केली आणि पत्नी आंद्रोमाखी यांनी वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने देऊन या अभ्यासाचा पाया घातला. अशा लेपांत कर्करोगाच्या पेशीही ओळखू येतात, हे पापानिकोलाउ यांनी १९२८ साली मिशिगनमधील बॅटल क्रीक येथील परिषदेत सांगितले. त्याच सुमारास बुखारेस्टमध्ये ऑरेल बाबेश हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाप्रत पोहोचले होते. परंतु वैद्यकविश्वाने या वार्तेची फारशी दखल घेतली नाही, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासमवेत लिहिलेला १९४१ चा निबंध व त्यापाठोपाठ १९४३ चा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावरच या पद्धतीला मान्यतेची सनद मिळाली.

या पद्धतीचा प्राण तिच्या रंगकामात आहे. लेप हवेत वाळू न देता ओला असतानाच अल्कोहोल व ईथर यांच्या मिश्रणात बुडवावयाचा, असा तिचा मूळ दंडक, कारण वाळलेल्या पेशीचे केंद्रक फुगून त्यातील बारीक तपशील पुसट होतो. त्यानंतर मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या लाकडातून निघणारे हेमॅटॉक्सिलिन केंद्रकास निळसर जांभळे करते, तर ऑरेंज-जी, इओसिन आणि लाइट ग्रीन ही रंजके भोवतालच्या पेशीद्रवास पेशीच्या परिपक्वतेप्रमाणे नारिंगी, गुलाबी किंवा निळसर हिरवी छटा देतात. वरच्या थरातील निरोगी पेशी रुंद, पातळ व पारदर्शक असून तिच्या मध्यभागी टिंबाएवढे केंद्रक असते; रोगट पेशीत मात्र तेच केंद्रक वाढून पेशीचा बराच भाग व्यापते, त्याची कड वेडीवाकडी होते आणि आतील द्रव्य गडद, भरड पुंजक्यांनी साकळते.

केंद्रकाचा आकार आणि त्याचा गडदपणा मोजता येत असेल, तर हे काम यंत्रावर का सोपवू नये, या विचाराने १९५० च्या दशकात न्यूयॉर्कनजीक मिनिओला येथील एअरबोर्न इन्स्ट्रुमेंट्स लॅबोरेटरीत ‘सायटोअ‍ॅनलायझर’ तयार झाला. पण एकमेकींवर चढलेल्या पेशी आणि श्वेतपेशींचे पुंजके यांनाही तो रोगट ठरवू लागल्याने निरोगी लेपांवर विनाकारण ठपका येऊ लागला, आणि तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. या अडचणीचा उलगडा होण्यास गणिताइतकेच साहाय्य काचपट्टीच्या सुधारणेचे झाले. १९९६ साली अमेरिकी शासनाची मंजुरी मिळालेल्या थिनप्रेप पद्धतीत नमुना द्रवात मिसळून, गाळणीवर घेऊन, पेशींचा जवळजवळ एकपदरी थर काचेवर उतरविला जाऊ लागला. आणि २००३ साली मंजूर झालेली तिची प्रतिमादर्शक यंत्रणा सगळी काचपट्टी धुंडाळून सर्वांत संशयास्पद अशी २२ क्षेत्रे निवडते व तंत्रज्ञासमोर ठेवते. त्यांत काही वावगे दिसल्यास तंत्रज्ञ संपूर्ण काचपट्टी तपासतो. अखेरचा निवाडा माणसाचाच राहतो.

पापानिकोलाउ यांच्या डोळ्याने केंद्रकाला जो प्रश्न विचारला तोच यंत्रही विचारते, आणि त्याचे उत्तर नीट बनलेल्या काचपट्टीवाचून दोघांनाही मिळत नाही. म्हणून प्रतिमा वाचणाऱ्या यंत्रांवर खर्च करू इच्छिणाऱ्या कोणत्याही आरोग्यखात्याने नमुना घेणाऱ्या परिचारिकेचे शिक्षण आणि तिच्या हाताशी असावयाचे स्थिरीकरणाचे द्रावण यांची तरतूद आधी करावी. त्या तरतुदीत केलेली काटकसर पुढे कोणतेही यंत्र भरून काढू शकणार नाही.