तळ्यातून उपसलेलं लोखंड

खोपोलीच्या ज्या कारखान्यात माझी नोकरी झाली, त्या वार्टसिला कंपनीचं मूळ पूर्व फिनलंडमधल्या एका खेड्यात आहे. १८३४ मध्ये तिथे लाकूड कापायची गिरणी निघाली, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. पुढे १८५१ मध्ये निल्स लुडविग आर्पे या उद्योजकाने गिरणीच्या जोडीला लोखंडाचा कारखाना उभा केला, हेही ऐकून होतो. पण त्या भट्टीत पडणारं खनिज कुठून येत होतं, असा प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडल्याचं आठवत नाही. निवृत्तीनंतर वाचू लागलो तेव्हा कळलं, की ते खाणीतून येत नसे. ते तळ्यांच्या तळातून उपसत.

पूर्व फिनलंडचा हा मुलूख तळ्यांचा, पाइनच्या जंगलांचा आणि दलदलींचा. तिथल्या पुष्कळ तळ्यांत काठापासून थोड्या अंतरावर, वाळूवर तपकिरी खड्यांचा थर असे. आकारावरूनच त्याचे प्रकार ओळखले जात: पैशासारखं चपटं, वाटाण्याएवढं गोल, छऱ्यांसारखं बारीक. उन्हाळ्यात लाकडी तराफा तळ्यात नेऊन उभा करायचा, लांब दांड्याच्या दाताळ्याने खडे एकत्र ओढायचे, जाळीच्या टोपल्यात भरून पाण्यातच हलवून चिखल धुवायचा आणि तराफ्यावर ओतायचे. काठावर ढीग लागत. हिवाळ्यात बर्फ घट्ट झालं की घसरगाड्यांवरून ते भट्टीकडे जात. शेजारच्या स्वीडनमध्ये, स्मोलँडच्या भागात, गोठलेल्या तळ्याला भोक पाडूनही हे काम करत. उपसणारे बहुतेक आसपासचे शेतकरी आणि मजूर. शेतीच्या आखूड हंगामात दिवस काढून ते पाण्यावर उभे राहत. हातात दांडा, खाली काळसर पाणी, आणि दांड्याला काय लागतंय यावरच सगळा अंदाज. त्या हातांबद्दल मला फार आदर वाटतो. मी आयुष्यभर ओतीव लोखंडाचे भाग हाताळले, पण खनिज असं चाचपून ओळखावं लागतं, हे माझ्या कल्पनेतही नव्हतं.

या खनिजात एक खोट होती. त्यात फॉस्फरस जास्त, त्यामुळे त्यापासून केलेलं लोखंड थंडीत ठिसूळ होई. मात्र फॉस्फरसमुळेच वितळलेला रस पातळ होतो आणि साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट शिरतो, म्हणून ओतकामाला ते चांगलं. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्यात होतं आणि माल खपायला सेंट पीटर्सबर्गसारखं मोठं शहर जवळ होतं. इलोमान्त्सीजवळच्या मोह्को इथला कारखाना तर तळ्यातल्या खनिजावर चालणाऱ्या फिनलंडच्या कारखान्यांत अग्रगण्य होता.

उपसणाऱ्यांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. खरवडून रिकामी केलेली जागा काही दशकं तशीच सोडली, तर तिथे खनिज पुन्हा धरतं. महाबळेश्वरच्या परिसरातले धावडही जंगलातल्या कोळशावर लोखंड गाळत. पण त्यांचं खनिज जांभ्याच्या थरातलं, युगानुयुगांच्या झिजेतून आलेलं. एकदा खणलं की संपलं. तळ्यातलं खनिज मात्र उपसणाऱ्याच्या नातवाला पुन्हा मिळू शकत होतं.

ते धरतं कसं? अर्धं उत्तर तळ्याबाहेर, जमिनीखाली आहे. दलदलीखालच्या गाळात ऑक्सिजन पोचत नाही. तिथले काही जिवाणू कुजलेली पानं-मुळं पचवताना, आपण श्वासातला ऑक्सिजन वापरतो त्या जागी गंज वापरतात. गंज म्हणजे न विरघळणारं लोह. जिवाणूंकडून त्याला इलेक्ट्रॉन मिळाले की ते विरघळतं आणि भूजलाबरोबर रंगहीन होऊन वाहू लागतं. हे पाणी तळ्याच्या तळातून झिरपून वर येतं आणि तिथे त्याला थोडा ऑक्सिजन भेटतो. त्या अरुंद पट्ट्यात दुसरे जिवाणू बसलेले असतात. ते त्या लोहाचा पुन्हा गंज करतात आणि त्यातून निघणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेवर जगतात. ऑक्सिजन फार झाला तर लोह आपोआप गंजून जातं आणि त्यांच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून त्यांना ती सीमारेषाच मानवते. गॅलिओनेला नावाचा जिवाणू तर गंजाचे पीळदार धागे मागे सोडत जातो. असा गंज वाळूच्या कणाभोवती थरावर थर चढत जाऊन खडा होतो. सगळंच काम जिवाणूंचं नाही, काही गंज निव्वळ रसायनाने बसतो, पण त्यांच्यामुळे त्याला वेग येतो.

बर्लिनच्या ख्रिश्चन एरेनबर्गने १८३६ मध्ये गॅलिओनेलाचं वर्णन केलं आणि दलदलीतल्या लोहखनिजाशी त्याचा संबंध असावा असं सुचवलं. म्हणजे आर्पेची भट्टी पेटण्याआधीच. सर्गेई विनोग्राड्स्कीने लोहापासून ऊर्जा मिळवणाऱ्या जिवाणूंचा विचार मांडला १८८८ मध्ये. तोवर धंद्याला उतरती कळा लागत होती. खनिज संपलं नव्हतं. रशियातलं स्वस्त पोलाद बाजारात उतरलं, आणि कोळशासाठी जाळायच्या लाकडाला फळ्या व कागदाच्या धंद्यात जास्त भाव येऊ लागला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोह्कोची भट्टी विझली. गंजावर जगणारा जिवाणू तर डेरेक लव्हलीने अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातून वेगळा काढला, आणि त्याबद्दलचा निबंध १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

वार्टसिला तोवर इंजिनांची कंपनी झाली होती. जर्मनीतल्या क्रुपशी १९३८ मध्ये करार झाला आणि पहिलं डिझेल इंजिन १९४२ मध्ये तुर्कू शहरात तयार झालं. १९४४ मध्ये सरहद्द बदलली आणि मूळ लोखंडाचा कारखाना सोव्हिएत हद्दीत गेला. कंपनीच्या इतिहासात आर्पेचं नाव असतं, इंजिनांचं असतं. त्यात तराफ्यावरच्या शेतकऱ्यांचं आणि या जिवाणूंचंही एक पान असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हे जिवाणू बघायला फिनलंडला जायची गरज नाही. साचलेल्या ओढ्यावर किंवा जुन्या विहिरीवर कधी रंगीत तवंग दिसतो आणि लोक म्हणतात, कुणीतरी तेल सांडलं. काडीने तो तवंग हलवून बघा. तेल असेल तर पुन्हा जुळून येईल. लोहाचा असेल तर काचेसारखे तुकडे होतील, आणि खाली तांबूस, मऊ गाळ सापडेल.