आमचे काय चुकले?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एका घरचा तरुण मुलगा रात्री कामावरून परतताना अपघातात गेला. निरोप येताच मी त्या घरी पोहोचलो. ओटीवर माणसे बसली होती. आत त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. मला पाहताच ती एवढेच म्हणाली, "फादर, आमचं काय चुकलं? कुणाचं पाप माझ्या लेकराच्या वाट्याला आलं?" मी म्हणालो, "बाई, देवाची इच्छा." आणि प्रार्थना सुरू केली. बाहेर पडताना ओटीवरचे कुजबुजणे कानी आले, "घराण्यात कुणीतरी काहीतरी केलं असणार. त्याशिवाय असं होत नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. ओटीवरच्या माणसांनी जे उघड म्हटले, तेच मी पवित्र शब्दांत गुंडाळून त्या माउलीच्या पदरात टाकले होते. सेमिनरीत इतकी वर्षे ईश्वरशास्त्र शिकूनही माझ्यापाशी तिला देण्यासारखे दुसरे काही नव्हते. तेव्हापासून या प्रश्नाचा इतिहास मी जमेल तसा वाचत आलो. त्यातले थोडेसे आज वाचकांपुढे ठेवतो.

मनुष्याच्या कृत्याला फळ असते, ही श्रद्धा जवळजवळ सर्व धर्मांत आढळते. आपल्या मराठी घरात ती कोणी वेगळी शिकवावी लागत नाही. 'करावे तसे भरावे' हे ख्रिस्ती आजीही नातवाला सांगते. हिंदू शास्त्रकारांनी कर्माचे तीन भाग केले : साठून राहिलेले ते संचित, त्यातून भोगास आलेले ते प्रारब्ध आणि आज आपल्या हातून घडते ते क्रियमाण. जैन मताप्रमाणे कर्म हे सूक्ष्म द्रव्यच असून ते जिवाला चिकटते आणि तपाने झडते. इस्लाममध्ये कयामतच्या दिवशी प्रत्येकाच्या कृत्यांचा हिशेब होतो आणि कोणीही दुसऱ्याचे ओझे उचलीत नाही. आपण ख्रिस्ती लोक अंतिम न्याय मानतो. पुनर्जन्म मानणारे आणि न मानणारे यांच्यातील अंतर लहान नाही, ते पुसून टाकण्यात अर्थ नाही. तथापि आपण जे करतो ते वाऱ्यावर उडून जात नाही, याविषयी या सर्वांचे एकमत आहे.

अडचण येते ती उलटे गणित मांडताना. पापाला दुःखाचे फळ येते हे एक म्हणणे झाले. परंतु म्हणून जेथे जेथे दुःख दिसेल तेथे तेथे मागे पाप असलेच पाहिजे, हे दुसरे म्हणणे. पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही. तरीही माणसे ती उडी सहज घेतात, आणि ती घेणाऱ्यांत धर्मगुरू आघाडीवर असतात.

यासाठी आपण अठराव्या शतकातील पोर्तुगालकडे वळू. वसई मराठ्यांनी १७३९ साली जिंकली, त्यानंतर सोळा वर्षांनी, १७५५ च्या नोव्हेंबरची पहिली तारीख. सर्व संतांचा सण. राजधानी लिस्बन येथील चर्चे भाविकांनी भरून गेली होती. वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या. सकाळी साडेनऊच्या सुमारास धरणीकंप झाला आणि मिस्सा ऐकणाऱ्या माणसांच्या डोक्यावर चर्चचे घुमट कोसळले. जे वाचले ते मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले, तेव्हा समुद्र आधी मागे सरला आणि मग भिंतीसारखा उंच होऊन शहरात शिरला. उरलेल्या भागाला आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत राहिली. 'सर्व संत' याच नावाचे मोठे इस्पितळही त्यात भस्मसात झाले. मृतांचा आकडा हजारोंनी मोजावा लागला.

असे का झाले? शहरातील अनेक धर्मोपदेशकांनी उत्तर दिले : लिस्बनच्या पापांमुळे. त्यांत गाब्रिएल मालाग्रिदा हे येशूसंघीय धर्मगुरू प्रमुख होते. हे मूळचे इटालियन. ब्राझीलच्या रानावनांत त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे मिशनकार्यात घालवली होती. त्यांच्या भक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १७५६ साली त्यांनी भूकंपाच्या खऱ्या कारणाविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. भूकंप निसर्गनियमाने झाला असे म्हणाल तर लोक पश्चात्ताप कशासाठी करतील, असा त्यांचा एकंदर रोख होता. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकानेही लिस्बनविषयी लिहिले. त्यालाही भूकंपात ईश्वराचा न्यायच दिसला, पण त्याने बोट दाखविले ते तेथील धर्मन्यायालयाच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या, क्रौर्याकडे. एकाच ढिगाऱ्यात प्रत्येकाला आपापल्या मनातले पाप सापडले.

त्याच वेळी पोर्तुगालच्या शासनाने वेगळे पाऊल उचलले. पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेलेला मंत्री तेव्हा कारभार पाहात होता. त्याच्या काळात राज्यातील धर्मग्रामांकडे एक प्रश्नावली धाडण्यात आली. धक्का किती वाजता बसला? किती वेळ टिकला? समुद्र आधी चढला की ओसरला? जमिनीला भेगा पडल्या काय? घरे किती पडली, माणसे किती गेली? या प्रश्नांची उत्तरे खेड्यापाड्यांतील धर्मगुरूंनी लिहून पाठवली. आज भूकंपशास्त्राचे अभ्यासक त्या कागदांचा आधार घेतात. नवे लिस्बन बांधताना भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा सांगाडा बसविण्यात आला, तो धक्क्यात इमारत तगावी म्हणून. धर्मगुरू म्हणून मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. काही धर्मगुरू व्यासपीठावरून दोषी कोण ते सांगत होते. त्याच वेळी आडगावातले काही धर्मगुरू आपल्या मृतांची नीट मोजदाद करीत होते.

पोंबालचे गुणगान करण्याचा मात्र माझा हेतू नाही. त्याने १७५९ साली येशूसंघीयांना पोर्तुगालच्या राज्यातून हद्दपार केले, त्याची झळ गोव्यालाही पोहोचली. वृद्ध मालाग्रिदांना तुरुंगात टाकण्यात आले. पाखंडाचा आरोप ठेवून २१ सप्टेंबर १७६१ रोजी त्यांना लिस्बनच्या चौकात गळा आवळून मारण्यात आले आणि देह जाळण्यात आला. मालाग्रिदांचे म्हणणे चुकीचे होते असे मी मानतो, आणि त्यांच्यावर झालेला अन्याय घोर होता असेही मानतो.

या घटनेनंतर पावणेदोनशे वर्षांनी हाच वाद आपल्या देशात झाला. १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी बिहार आणि नेपाळ भूकंपाने हादरले. मुंगेर, मुझफ्फरपूर, दरभंगा या भागांत दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. महात्मा गांधी तेव्हा अस्पृश्यतानिवारणासाठी दक्षिणेत दौरा करीत होते. त्यांनी जाहीरपणे सांगितले, की अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ही ईश्वराने केलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोर अस्वस्थ झाले. अस्पृश्यतेच्या पापाविषयी त्यांचे गांधीजींशी दुमत नव्हते. पण भौतिक उत्पाताचे कारण भौतिकच असते, असे त्यांनी लिहिले. शिवाय असल्या युक्तिवादाचा उपयोग विरोधकही तितक्याच सहजपणे करू शकतात, हेही त्यांनी दाखविले. सनातनी मंडळींना हा भूकंप गांधीजींच्या चळवळीचेच फळ आहे असे म्हणता आलेच असते.

गांधीजींचा मोठेपणा असा, की टागोरांची ही टीका त्यांनी आपल्याच 'हरिजन' पत्रात छापली आणि सोबत उत्तर दिले. आपल्याला हा संबंध सिद्ध करता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले. आपली श्रद्धा चुकीची ठरली तरी तिच्यामुळे आपण आत्मशुद्धीकडेच वळू, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे ते बिहारमध्ये गेले, गावोगाव फिरले. मदतकार्याची धुरा तुरुंगातून सुटून आलेल्या डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी वाहिली होती. मला टागोरांचे म्हणणे पटते. तरी गांधीजींची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी 'त्यांचे पाप' असे म्हटले नाही, 'आपले पाप' असे म्हटले.

कर्मसिद्धांताच्या गैरवापरावर सर्वांत कठोर बोट ठेवले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गरिबाचे दारिद्र्य हे त्याच्या मागील जन्मीच्या कर्माचे फळ मानले, की समाज आपल्या जबाबदारीतून मोकळा होतो, हे त्यांनी त्यात परखडपणे दाखविले. खुद्द बुद्धाच्या पाली सूत्रांत सीवक नावाच्या परिव्राजकाशी झालेला संवाद आहे. माणसाला जे जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मानेच होते काय, असे तो विचारतो. बुद्ध ते नाकारतो आणि पित्त, कफ, वात, ऋतुबदल, अपघात अशी अनेक कारणे मोजून दाखवितो. कर्म हे त्यांपैकी एक.

आता आपल्या पवित्र शास्त्राकडे वळू. ईयोबाचे मित्र त्याच्या समाचाराला आले तेव्हा सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मूक बसून राहिले. तेवढेच त्यांचे उत्तम सांत्वन होते. तोंड उघडताच त्यांनी त्याचे पाप शोधायला आरंभ केला, आणि ग्रंथाच्या शेवटी परमेश्वर त्या मित्रांवरच कोपतो. बापाच्या दोषासाठी मुलाला शिक्षा होणार नाही, हे यहेज्केल संदेष्ट्याने निक्षून सांगितले. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे दगावली तेव्हाही, ती माणसे इतर यरुशलेमकरांपेक्षा अधिक पापी नव्हती असे तो म्हणाला. आणि लगेच ऐकणाऱ्यांकडे वळून त्यांनाच पश्चात्ताप करण्यास सांगितले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली मानवी दुःखाविषयी जे प्रेषितीय पत्र लिहिले, त्यात ईयोबाच्या आधाराने हेच प्रतिपादन आहे, की प्रत्येक दुःख हे अपराधाचे फळ नसते.

तरीही मोह सुटत नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, त्सुनामीची लाट वेळांकण्णीच्या किनाऱ्यावर आली. आपल्याकडूनही आरोग्यमातेच्या दर्शनाला किती कुटुंबे जातात! त्या सकाळी महामंदिरात मिस्सेला असलेले भाविक वाचले. बाहेर किनाऱ्यावर असलेले शेकडो यात्रेकरू वाहून गेले. 'मिस्सेला होते म्हणून वाचले' असे कोणी म्हणाले, तर त्यांच्या कृतज्ञतेचा मी आदर करतो. पण मग लिस्बनमध्ये जे मिस्सेला होते म्हणूनच मेले, त्यांचे काय? वेळांकण्णीच्या वाळूत आईचा हात सुटलेल्या लेकराचे काय?

किल्लारी तर आपल्या महाराष्ट्रातलेच. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणेशविसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे मेली. भूकंपाच्या नकाशावर हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि माळवदाच्या छताचा मणामणाचा भार झोपलेल्यांच्या अंगावर आला. येथेही कृत्य आणि फळ यांचा संबंध आहे, पण तो दगड, माती आणि अज्ञान यांच्यामधून जातो. मेलेल्यांच्या चारित्र्याशी त्याचे नाते नाही. हे कळले म्हणूनच पुढे गावे नव्या जागी, नव्या पद्धतीने वसविता आली.

मग कर्मफळ, ईश्वरी न्याय हे सारे खोटे काय? मुळीच नाही. माझ्या दारूचे फळ माझ्या मुलांना भोगावे लागते. माझ्या जिभेने शेजाऱ्याचे घर मोडते. मी बुजवलेल्या ओढ्याचे पाणी दुसऱ्याच्या घरात शिरते. कृत्याचे फळ अनेकदा निरपराध माणसावर पडते, म्हणून तर त्याची भीती बाळगायची. सदसद्विवेकाची परीक्षा करताना हा सिद्धांत स्वतःपुढे धरावा. दुसऱ्याच्या मयताला जाताना तो घरी ठेवावा. मत्तयच्या शुभवर्तमानात अंतिम न्यायाचे जे चित्र आहे, त्यात राजा विचारतो ते एवढेच : भुकेल्याला अन्न दिले काय, तहानेल्याला पाणी दिले काय, आजाऱ्याला भेटलास काय? तो भुकेला का झाला, त्यात दोष कोणाचा, असा प्रश्न त्या न्यायासनापुढे कोणी विचारीत नाही.

त्या आईकडे मी पुन्हा गेलो, पण त्याला महिना उलटून गेला होता. मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी चुकीचं बोललो. तुमचं काही चुकलं नव्हतं." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग आत जाऊन तिने चहा आणला आणि आपल्या मुलाविषयी बोलू लागली. तो लहानपणी कसा होता, वेदीसेवक असताना मेणबत्ती पेटवायला कसा घाबरायचा, हे सांगताना ती मधेच हसलीही. दोन तास मी ऐकत बसलो होतो. तिच्या शेजाऱ्यांनी आणि मी पहिल्याच रात्री तसे बसायला हवे होते.